सैल सूत

भिवंडीतल्या कामतघरच्या आमच्या खोलीत पलंगापेक्षा मोठी वस्तू एकच, माझा व्हायब्राफोन. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यांच्याखाली नळ्या, पायाशी पेडल. शेजारणी त्याला इस्त्रीचं टेबल म्हणतात आणि मी त्यांची चूक सुधारणं सोडून दिलंय. त्यावर मी जॅझ वाजवते हे कळल्यावर तर त्यांना आईचीच दया येते.

पट्ट्या ज्या काठ्यांनी वाजवायच्या, त्यांच्या टोकाला सूत गुंडाळलेले गोळे असतात. माझ्या काठ्यांचं सूत झिजलं, तेव्हा आईने त्या माझ्या हातातून काढूनच घेतल्या. तीस वर्षं ती लूमसाठी कांड्या भरत आली, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळीवर सूत गुंडाळत आली. तिला सुतातलं कोण शिकवणार? कांडी सैल भरली की लूमवर सूत गुंततं आणि कारागीर भरणारीचा उद्धार करतो. तिचा कधी कुणी केला नाही, हे ती पाहुण्यांना चहाच्या आधी सांगते.

काठ्याही तिने तशाच भरल्या, दगडासारख्या घट्ट. भिंतीपलीकडे लूमचा खडखडाट, अलीकडे माझा रियाज; शुक्रवारी लूम बंद, की माझीही सुट्टी. त्या गोंगाटातही एकेक सूर स्पष्ट ऐकू यायचा, म्हणून मी खूश होते. लूमच्या ठेक्यात मनाला येतील तसे सूर पेरताना दोन महिने कसे गेले कळलंच नाही.

माझा पहिला कार्यक्रम ठाण्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये होता. दुपारी तालमीला मी पहिल्यांदाच शांततेत वाजवलं. जलद गाणी निभावली. मग मी एकटीने वाजवायची संथ धून आली आणि पहिल्याच सुराला मोरीत भांडी पडल्यासारखा आवाज झाला. ड्रमवाला छताकडे बघू लागला. आई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती.

दुसऱ्या काठ्या नव्हत्या. आईला सांगायची हिंमत होईना, आणि न सांगावं तर संध्याकाळी फजिती ठरलेली. शेवटी जवळ जाऊन सांगितलं, घट्ट गोळा पट्टीवर आपटतोय, सूत सैल हवं.

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली. "सैल कांडी मी आजवर कुनाला दिली न्हाय."

मी परत जाऊन तोच सूर वाजवला. तिने डोळे मिटून तो ऐकला. मग चारही काठ्या मागून घेतल्या, सूत उसवलं आणि सगळ्यांकडे पाठ करून पुन्हा भरायला बसली. भिवंडीचं कुणी बघेल अशी तिला भीती असावी.

संध्याकाळी ती धून इतकी मऊ वाजली की शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत कुणी टाळी वाजवली नाही. मला रडू येत होतं आणि हसूही. नंतर पियानोवाल्या काकांनी काठ्या निरखून विचारलं, कुणी बनवल्या? आईने लगेच सांगितलं, शेजारणीने. 

शुक्रवारी लूम बंद होते. सकाळी शेजारणी आमच्या दारात भाजी निवडत बसल्या होत्या. आईने मला ती संथ धून वाजवायला सांगितली. वाजवून झाल्यावर एकीने विचारलं, आज टेबलाचा आवाज एवढा गोड कसा?

आईने भाजीतून मान वर केली नाही.

"सूत सैल हाय," ती म्हणाली. "मीच भरलंय."