खंडेनवमीचा लेथ

कॉव्हेंट्रीच्या कालव्याकाठी, एका जुन्या यार्डात मुरलीधर सासने यांचं वर्कशॉप आहे. शहराच्या प्रगतीवर निघणाऱ्या गुळगुळीत पुस्तिकांत ते सापडत नाही. तिथे कॉफीची दुकानं असतात, काचेच्या इमारती असतात, लॅपटॉपसमोर हसणारी माणसं असतात. एकसष्ट वर्षांचे मुरलीधर फारसे हसत नाहीत. यंत्र थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या वासात आणि लोखंडाच्या चुऱ्यात ते उभे असतात, आणि आसपासच्या गल्ल्यांत जे मोडतं ते त्यांच्याकडे येतं: बेकरीतल्या कणीक मळायच्या यंत्राचा दांडा, लाँड्रीच्या ड्रमचं बेअरिंग, न्हाव्याच्या खुर्चीचा स्क्रू.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर लोखंड कातताना त्यांचा हात बसला. बायकोला, सुनेत्राला, इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली तेव्हा ते तिच्यामागून आले आणि मोटारींच्या कारखान्यात चिकटले. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीचे पबमध्ये गेले. हे कारखान्याच्या लिलावात गेले, आणि ज्या लेथवर बारा वर्षं उभे होते तोच विकत घेऊन आले.

आता यार्ड पाडून तिथे फ्लॅट होणार होते. मार्चपर्यंत जागा सोडायची होती. शहराबाहेरच्या नव्या उद्योग पार्कात परवडतील असे बारा गाळे होते, अर्ज नव्वद. गाळा मिळाला तर वर्कशॉप राहणार, नाहीतर संपलं. अर्जासाठी वर्कशॉपच्या पाहणीची तारीख तनयाने घेतली होती: बुधवार, एक ऑक्टोबर. तनया त्यांची मुलगी. इथेच जन्मलेली, गेली दोन वर्षं वर्कशॉपच्या ऑर्डरी सांभाळणारी.

बुधवारी सकाळी ती पोचली तर लेथवर झेंडूची माळ होती. पाटावर व्हर्नियर, छिन्न्या, नट आवळायचे पाने ओळीने मांडून त्यांना हळदकुंकू लावलेलं.

"बाबा, हे काय? दसरा उद्या आहे. मी कॅलेंडर चेक केलं होतं."

"हत्यारांची पूजा खंडेनवमीला. आज."

ती स्टुलावर बसली. घाबरली की तिचं मराठी घसरायचं. "माझा चूक झाला. पण ते अकराला येतायत. त्यांना लेथ रनिंग बघायचाय."

"आज तो चालत नाही."

"पाच मिनिटं, बाबा. देवाला कोण सांगणारे?"

"देवाला मध्ये आणू नकोस. तुला वर्षाला अठ्ठावीस सुट्ट्या. याला एक. तीही तू मागतेस?"

"याला भाडं नाही भरावं लागत."

"भाडं तोच भरतो."

अकराला पार्कच्या कंपनीतली लॉरेन आली, हातात टॅब्लेट. मुरलीधरांनी तिला चहा दिला, पुरणपोळी दिली, मग आजचा दिवस काय तो समजावला. लॉरेन भली बाई होती. तिने फुलांचे फोटो काढले.

"फार सुंदर आहे. आता पाच मिनिटं चालू करता? प्रत्यक्ष कामाच्या रकान्याला वीस गुण आहेत."

"उद्या या. सकाळी सहाला चालू असेल."

"यादी आज संध्याकाळी बंद होते, मिस्टर सासने." ती जरा घुटमळली. "बरं, पुढचा रकाना घेऊ. गेल्या वर्षात नव्या नोकऱ्या किती निर्माण केल्यात?"

"एकही नाही."

तनयाने डोळे मिटून घेतले.

"टिकवल्या किती, असा रकाना आहे?" मुरलीधरांनी विचारलं.

लॉरेनने बोटाने टॅब्लेटचा पडदा वर सरकवला, खाली सरकवला. "नाही."

इतक्यात पलीकडच्या गल्लीतला बेकरीवाला मारेक आत आला, पिठाच्या पोत्यात गुंडाळलेला दांडा खांद्यावर घेऊन. "मर्ली, मिक्सरचा दांडा परत मोडला." मग त्याला झेंडू दिसला. "अरे हो, तुझा फुलांचा दिवस. विसरलोच."

"उद्या सहाला बसवून देतो."

"आज हातानेच मळू. कामावरच्या पोरी मला शिव्या देतील, मी तुला देईन." दांडा कोपऱ्यात टेकवून, ताटातली एक पोळी उचलून तो गेला.

"चार माणसं कामाला आहेत त्याच्याकडे," मुरलीधर म्हणाले. "अकरा वर्षं तो दांडा मोडतोय आणि अकरा वर्षं बेकरी चालू आहे. तुमच्या रकान्यात हे मावत नसेल तर रकाना लहान आहे."

लॉरेन हळू आवाजात म्हणाली, "प्रत्यक्ष कामाच्या रकान्यात मला शून्य टाकावं लागेल."

"टाका. शेजारी कारण लिहा."

"कारणाला जागा नाही."

तनया उठली. टेबलावरचं कामाच्या नोंदीचं एक जॉबकार्ड तिने उलटं केलं आणि मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं: वर्षातून एक दिवस हा लेथ विश्रांती घेतो, तो आज आहे. खाली स्वतःची सही केली. "हे जोडा," ती म्हणाली. "जागा नसली तरी जोडा."

लॉरेनने कार्ड घेतलं, टॅब्लेटच्या कव्हरमध्ये सरकवलं आणि निघाली.

गाडीचा आवाज कालव्याच्या पुलावर विरला.

"गाळा गेला, बाबा."

"गेला."

"मग मार्चमध्ये?"

मुरलीधरांनी लेथच्या बेडवर तळहात ठेवला, तापलेल्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. लेथ गार होता.

"दोन टनांचा आहे. यार्ड पाडायचं तर आधी त्यांना हा हलवावा लागेल."

"आणि आपण काय करायचं?"

"आपण तो चालवत असू."