डॉक्टरीणबाईंच्या हॉलमधला समुद्र

दहावीत भूगोलाच्या सरांनी फळ्यावर खडूनं एक वेटोळं काढलं आन नाकातनं म्हणाले, "बाळांनो, हा समुद्रातला जीव. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेला नि त्याचा दगड झाला. शोधत बसू नका. आपल्याकडचा दगड लाव्हारसाचा, त्यात हा मिळायचा नाही."

सरांचा आवाज मला हुबेहूब जमायचा. नाद मात्र त्या वेटोळ्याचा लागला. निरवांगीच्या नदीपासनं अंथुर्ण्याच्या ओढ्यापर्यंत सगळं पालथं घातलं. घरात नुसता गारगोट्यांचा ढीग. आई म्हणायची, "समुद्र घावला का रं? मीठ संपलंय."

बारावीच्या सुट्टीत इंदापुरात मामाच्या हाताखाली फरशीच्या कामाला गेलो. डॉक्टरीणबाईंचा नवा बंगला, राजस्थानातनं ट्रकनं आलेला पिवळा दगड. एक फरशी ओल्या फडक्यानं पुसली, तर तेच वेटोळं! ताटलीएवढं! सरांनी खडूनं काढल्यालं, तसंच.

डॉक्टरीणबाई वाकून बघत म्हणाल्या, "मिस्त्री, ही डागाळलेली नको."

"मग हिचं पट्टं पाडतो, भिंतीकडंला लावू," म्हणत मामानं कटर उचलला.

मला ती फरशी घरी पायजे व्हती. अख्खी. पण मागायचं सुचलंच न्हाय. घाबरून तोंडातनं सरांचाच आवाज निघाला, "बाळांनो, हा समुद्रातला जीव..." सगळा धडा नाकातनं म्हणून दाखवला.

डॉक्टरीणबाईंचे डोळेच मोठे झाले. "अगं बाई! मग ही हॉलच्या मधोमध बसवा."

मामा हळूच म्हणाला, "घे आता लेका. ने घरी, बंगल्यासकट."

फरशी मीच बसवली. रबरी हातोडीनं ठोकताना जीव तुटत व्हता.

पुढं चारेक वर्षांनी सर वारले. माती देऊन एसटीनं परत येताना इंदापुरात उतरलो, पाय बंगल्याकडं वळलं. दार उघडंच. हॉलमधी पाव्हणं उभं, अन डॉक्टरीणबाई वेटोळ्याकडं बोट करून सांगत व्हत्या, नाकातनं, "बाळांनो, हा समुद्रातला जीव..."

त्यांनी सरांना कधी बघितलं न्हवतं. सरांनीबी खडूचं सोडलं तर असलं वेटोळं कधी बघितलं न्हवतं.

चपला काढून आत गेलो, कोपऱ्यात बसलो. सरांच्या तासाला मी कधी गप बसलो न्हाय. त्या दिवशी बसलो.