हंबीररावांचा कौल

हंबीररावांनी पहिल्या लढाईत बसऱ्याला हवालदारकी केली होती, आणि पेन्शनीत आल्यावर ती घरात चालू ठेवली होती. गावातली सतरा पोरं त्यांनी पलटणीत भरती केली. सतरावा त्यांचा जावई सयाजी. त्याला आईबाप नव्हते, म्हणून कागदावर पत्ता सासऱ्याचा घातला. तेव्हा ती सोय वाटली होती.

दुसऱ्या लढाईत सयाजी मलायात बेपत्ता झाला. साडेतीन वर्षांनी, लढाई संपल्यावर, दसऱ्याच्या तोंडावर सरकारी कागद आला. हंबीररावांनी तो गावात कुणाला दाखवला नाही. मेढ्याला चालत जाऊन तिथल्या मास्तरांकडून वाचून घेतला. सयाजी जपान्यांच्या कैदेत वारला होता. त्यांनी मास्तरांना पुन्हा वाचायला लावला. दुसऱ्यांदाही वारलाच.

आता हे फक्त लेकीला, राहीला सांगायचं होतं. दसरा गेला, दिवाळी गेली. ती रोज सकाळी कुंकू लावायची आणि बाप रोज सकाळी गोठ्यात जाऊन बैलांना शिव्या द्यायचा. शेवटी त्यांना वरिष्ठ आठवले. डोंगरावरच्या भैरोबाचा कौल सगळं खोरं मानायचं. देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देवाला खरं ते ठाऊक असणारच. तो सांगेल, आपण पोरीला सावरायला उभं राहायचं.

"उद्या डोंगराला जायचं," ते म्हणाले. "सयाजीचा कौल लावू."

राही इतकी हरखली की तिनं पाच माणसांच्या भाकरी थापल्या.

दुपार कलताना दोघं चढाला लागले. राही पुढं, डोक्यावर गाठोडं, खांद्यावर घोंगडी.

"आबा, दमला व्हय? पलटणीत असंच चालायचा?"

एरवी या बोलण्यावर बसऱ्याची अख्खी मोहीम ऐकावी लागली असती. आज हंबीरराव नुसते चढत राहिले. कारवीच्या रानात वाट अंधारली आणि खालच्या ओघळीत भेकर ओरडलं.

"वाघ हाय जवळ," राही थबकून म्हणाली.

वाघानं आत्ताच गाठलं तर बरं, असं हंबीररावांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. वाघ मात्र आला नाही.

मुक्काम माचीवर, धोंडुबाई धनगरणीच्या खोपटात. तिनं चुलीपाशी जागा दिली, वर बोलूनही घेतलं.

"कौल लावाय आलाय? लावा की. पर आमचा देव कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई, आदीच सांगून ठिवते."

राही हसली आणि लगेच झोपली. हंबीरराव उजाडेपर्यंत तिच्या श्वासाकडं कान देऊन बसले. अशी शांत झोप तिला पुन्हा कधी लागणार, याचा त्यांना अंदाज होता.

सकाळी गुंडा गुरवानं देवाला पाणी घातलं, पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "हिचा धनी जिता हाय का, सांग बाबा." राहीनं डोळे मिटले. हंबीररावांनी तिच्या मागं जाऊन दोन्ही हात थोडे पुढं धरले.

उजवी पाकळी पडली.

"पुन्ना लाव," हंबीरराव म्हणाले.

"देवाची काय परेड हाय व्हय, हवालदार?" गुरव कुरकुरला, पण त्यानं लावली. पुन्हा उजवी.

"आनी एकदा."

राहीनं वळून बघितलं. बापाचे पुढं धरलेले हात तिनं पाहिले. "आबा, तुमाला डावी पायजे व्हती?"

मग त्यांना सांगावंच लागलं. जे घरात सहा पावलांवर सांगता आलं नव्हतं, ते गुरवादेखत, देवाच्या पायरीवर बाहेर पडलं. राही रडली नाही. पायरीच्या दगडावरून बोट फिरवत तिनं विचारलं,

"कवा आला कागद?"

"दसऱ्याच्या आदी."

"वाचला कुनी?"

"मेढ्याच्या मास्तरनं."

"मास्तरनं त्यास्नी मेल्यालं बघितलंय?"

"न्हाई गं, पर सरकार..."

"आबा, देवाला इचारू म्हनून तुमीच आनलं न्हवं मला? त्यो दोनदा बोलला." ती उठली. "आता वाटंत कुनी इचारलं तर तुमीच सांगायचं. मी न्हाई."

उतरताना ती पुढं चालत होती, बरीच पुढं. माचीवर धोंडुबाईनं दारातूनच हाक दिली, "काय म्हनला देव?"

राही थांबली आणि बापाची वाट बघत उभी राहिली.

"उजवा झाला," हंबीरराव म्हणाले.

वाटेत अजून तीन वस्त्या होत्या, आणि मग गाव.