भोंग्याची मीटिंग

भोंग्याला हळू बोलता येत नसे. सगळा जन्म लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेला, कान अर्धे तिथेच राहिलेले. तो कुणाच्या घरी सांत्वनाला गेला तरी शेजारच्या गल्लीतल्या बायका दारात येत. खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या लिंबायत वस्तीत सगळे त्याला भोंगा म्हणत, तोही स्वतःला भोंगाच म्हणे.

तो मला भेटला, कारण मला दुसरं कोणीच भेटेना. ‘दारू सोडा’ अशी पत्रकं आम्ही काही कार्यकर्ते गल्लोगल्ली वाटत होतो. पण सोडायची तर जायचं कुठे, हे त्या पत्रकात नव्हतं. आमच्या घरात आप्पा, म्हणजे माझे वडील, रोज गावठीची पोटली पिऊन येत होते आणि मी बाहेर पत्रकं वाटत होते. दवाखान्यात विचारलं तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, “बेन, आपल्या राज्यात दारूबंदी आहे.” म्हणजे कागदावर दारू नाही, म्हणून दारुडा नाही, म्हणून दारू सोडणाऱ्यांची मीटिंगही नाही. नाक्यानाक्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून गावठी विकली जाते ती कोण पितं, मग? भिंती? शेवटी एक रिक्षावाला म्हणाला, “भोंग्याला शोधा. शोधायचं तरी कशाला, ऐकू येईल.”

आलं ऐकू. एका मंडळाच्या खोलीत दारू सोडलेले आणि सोडू पाहणारे दर रविवारी बसत. नियम एकच: इथलं बोलणं इथेच ठेवायचं. आणि भोंगा उभा राहून सांगे, “मी भोंगा. मी दारुड्या शे.” बाहेर भाजीची गाडी लावणारी बाई मान डोलवे. बायकोला मारल्याचं, लेकीच्या लग्नात पडल्याचं, सगळं तो सांगे आणि सगळं रस्त्यावर जाई. स्वतःचं गेलं तर त्याला फिकीर नव्हती. पण दुसरा मान खाली घालून हळू बोलला की त्याला ऐकू येत नसे आणि तो मोठ्यानं विचारे, “काय? कोठे चोरी करी?” माणसं गळू लागली. मग मंडळानंही खोली काढून घेतली. आपल्या भागात असले लोक नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

मी पेटले. मोर्चा काढू म्हटलं, फलक लिहू म्हटलं. भोंगा म्हणाला, “ताई, मोर्चात तोंडं दिसतात.” मला तेव्हा ते भित्रेपण वाटलं.

आप्पांना मी रोज म्हणत होते, चला. त्यांचं पोट फुगायला लागलं होतं, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आप्पांचं उत्तर ठरलेलं: “त्या भोंग्याच्या मीटिंगला? पार चलथाण गावापर्यंत कळेल.”

हे मी भोंग्याला सांगितलं. वाटलं, चिडेल. चिडला नाही. दुसऱ्या दिवशी तो आपल्या शेठकडे गेला आणि खात्यातली सुताच्या पेट्यांची जागा रविवारपुरती मागितली. कशासाठी, हे तो एवढ्या मोठ्यानं सांगू लागला की शेठ म्हणाला, घे बाबा, पण ओरडू नकोस.

अशी मीटिंग चालू लूमच्या शेजारी बसू लागली. लिंबायतमध्ये मोकळेपणानं बोलायला तेवढी एकच जागा होती. बाहेर खडखडाटाशिवाय काही जात नसे. आत बसलेले सगळे कारीगर, त्यांना ओठांवरून बोलणं कळे. भोंग्याचा आवाज तिथे बरोबर मापाचा होता.

आप्पा आले. मी चहाची किटली घेऊन दारात उभी होते. बऱ्याच वेळानं आप्पांचे ओठ हलू लागले आणि थांबेचनात. मला काही कळत नव्हतं. भोंग्याची नजर त्यांच्या तोंडावरून ढळली नाही. त्यानं हळूच आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

नंतर चहाच्या टपरीवर मी त्याला गाठलं. आप्पा काय बोलले? आईबद्दल बोलले का? माझ्याबद्दल? भोंगा जवळ आला, आणि टपरीवाल्यालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, “ताई, खात्यात मला ऐकू येत नाही.”

मी चिडून निघून आले. पुढे कितीदा तरी विचारलं. त्याचं उत्तर तेच, आवाज तेवढाच.

मग त्याची नजरही अधू झाली, शेठनं कामावरून काढलं. वर्षानुवर्षं राबवलं आणि निरोप दिला. यावर मी पत्रक लिहिलं, ते कोणी वाचलं नाही. भोंगा खानदेशात मुलाकडे निघाला. आम्ही बसस्टँडवर गेलो. बस हलली आणि खिडकीतून तो जुना आवाज आला, “आप्पा, मीटिंग चुकाडू नको रे भो! दारू वाईट शे!”

सगळा स्टँड वळून बघू लागला. मी आप्पांचा हात घट्ट धरला. वाटलं, संपलं, आता हे पुन्हा जाणार नाहीत. आप्पांनी हात सोडवून घेतला, तोंडाशी धरला आणि त्याच्याहून मोठ्यानं ओरडले, “नाही चुकणार रे भो!”

बस गेली. गाठोडं घेतलेला एक माणूस रिक्षापर्यंत आमच्या मागे मागे आला. घुटमळला. मग म्हणाला, “दादा, कोणती मीटिंग?”

मी पत्ता सांगायला तोंड उघडलं. आप्पांनी मला नजरेनंच थांबवलं, त्याला बाजूला घेतलं, माझ्याकडे पाठ केली आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.