सासू बसत नाही

इतवारीत मी लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरतो. परवा वाडीची माया सासूला घेऊन आली. मायाचा नवरा वारलेला, सासू तुळसाबाई डायलिसिसवर, आणि खर्च सगळा मायाच्या पगारातून.

मी चिडूनच सांगितलं, "आजारपणाची सूट नवरा, मुलं, आईबाप, भाऊबहीण यांच्यासाठीच मिळते. सासू त्यात बसत नाही. कायदा काही मी केला नाही."

तुळसाबाईंनी मान वर केली. "बहीण चालते?"

"चालते, पण सख्खी."

"मानलेली काहून नाही गा?"

त्या सुनेकडे वळल्या. "आजपासून मले ताई म्हणत जाय वं."

सूट मिळणार नव्हतीच. दोघी निघाल्या, आणि जिन्यातून मायाचा आवाज आला, "ताई, कठडा धरा."