लक्षात राहील असा नंबर

किस्से गोळा करायला आम्हाला कुठं जावं लागत नाही. धाराशिवच्या बेंबळी रोडवर आमचे समोरासमोर दोन गाळे आहेत. एक माझा, फ्लेक्स आणि व्हिजिटिंग कार्डांचा. दुसरा नागनाथचा, मोटार रिवायंडिंगचा. पाण्याच्या जळालेल्या मोटारी तो नव्या तारेनं भरून देतो. बाकीच्यांचे किस्से चहाबरोबर येतात. आमचे फोनवर येतात, आणि येतात तेव्हा दोघांचीही टरकते! हसू फार उशिरा येतं.

सुरुवात साधीच होती. नागनाथला धंदा वाढवायचा होता. मी म्हणालो, "बोर्डावर, बिलावर, मॅपवर, सगळीकडं एकच नंबर टाक. लोक आता मोबाइलवर जवळचं दुकान शोधतात. नंबर असा घे की एकदा बघितला की डोक्यात बसला पाहिजे."

नागनाथनं शेवटी एकच आकडा चारदा येणारा नंबर आणला. पेढेसुद्धा वाटले!

*

बोर्ड लावला आणि दोन-तीन दिवसांतच फोन आला.

"लवकर या! हिरीत पडलंय!"

विहिरीत मोटार पडणं हे नागनाथला रोजचंच. त्यानं शांतपणे विचारलं, "किती एचपीचं हाय?"

"एचपी कसली वो? सात फुटी हाय! फणा काढून बसलंय!"

फोन वॉर्निशच्या ट्रेमध्ये पडला.

आता हे सांगायला हवं, की नागनाथ सापाला इतका भितो की रस्त्यात पाण्याचा पाइप पडलेला असला तरी वळसा घालून जातो. आईनं नवस बोलून नाव नागनाथ ठेवलं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

*

चौकशी केली तेव्हा कळलं, हा नंबर आधी एका सर्पमित्राचा होता. नोकरी लागली, तो दूर गेला, नंबर बंद पडला आणि कंपनीनं तोच पुन्हा विकायला काढला. पण गावोगावच्या भिंतींवर अजून रंगवलेलं होतं : ‘साप मारू नका, फोन करा.’

इंटरनेटवर जिथं जिथं जुना उल्लेख दिसला, तिथं मी दुरुस्ती पाठवली. भिंती कशा पुसणार? आणि नंबर एकदा बघितला की डोक्यात बसणारा!

त्यात आमच्याकडं सापाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो येतो म्हणे. मग ‘जनावर’ म्हणायचं, नाहीतर ‘लांबडं’. त्यामुळं फोन मोटारीचा आहे की दुसऱ्या कशाचा, हे दोन-तीन वाक्यं झाल्याशिवाय समजायचंच नाही. तोवर नागनाथ पाय वर घेऊन बसलेला.

*

एकदा भूमकडचे एक पाहुणे एसटीनं आले. खांद्यावर पोतं.

"नागनाथ तुमीच का? घिऊन आलोय. हात लावला की झटका देतंय बगा!"

पोतं खाली ठेवायच्या आत नागनाथ माझ्या गाळ्यात! काउंटरवर चढून ओरडला, "तोंड बांधलंय का त्याचं?"

पाहुण्यांनी पोतं उलटं केलं. अर्ध्या एचपीची मोटार होती.

*

एक फोन मात्र मी अजून विसरलेलो नाही.

तिन्हीसांजेची वेळ. बेंबळीकडच्या एका वस्तीवरून बाई बोलत होती. घरात ती एकटी. लेकरू खाली चटईवर झोपलेलं आणि पलीकडं धान्याच्या पिंपामागं जनावर.

नागनाथ मटकन स्टुलावर बसला. मला वाटलं, फोन कट करतो आता. असे फोन आम्ही तुळजापूरच्या एका सर्पमित्राकडं पाठवायचो, मी माझ्या फोनवरून त्याला गाठायला लागलो.

पण त्यानं फोन कानाला दाबून धरला. "घाबरू नका ताई. हळू जावा, लेकराला उचला. आता मागं सरका. दार उघडं ठिवा. नजर त्याच्यावरनं हलवू नका. पत्ता सांगा, माणूस निघालाय."

पत्ता त्यानं मोठ्यानं म्हणून दाखवला, मी तो पुढं सांगितला. माणूस पोचेपर्यंत नागनाथ तिच्याशी बोलत राहिला.

"तुमाला भ्या न्हाय वाटत का वो, दादा?"

"न्हाय ओ ताई. आमचं रोजचंच हाय."

फोन ठेवला आणि तो गाळ्यामागं जाऊन ओकला.

*

त्या बाईनं मनापासून उपकार फेडले. मॅपवर नागनाथ मोटार रिवायंडिंगला पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, ‘सापासाठी एक नंबर. फोन लगेच उचलतात. लई शांत माणूस.’

मग तिच्या भावकीनं दिले, मग शेजाऱ्यांनी. आता मोबाइलवर ‘साप’ टाकून जवळपास शोधा, पहिला नंबर येतो तो आमच्या नागनाथचा! धंदा वर आणायचा म्हणून मी जे जे सांगितलं होतं, ते ते सगळं झालं. मोटारी दुसऱ्या नंबरला राहिल्या.

*

शेवटी तो वैतागला. "पेंटर, नवा नंबर घेतो. बोर्ड बदल." मी फ्लेक्स छापतो, तरी मला सगळे पेंटरच म्हणतात.

वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "बदला की. अन् उद्या एखादीचं लेकरू खाली झोपलेलं असलं, तिनं फोन लावला अन् बंद लागला तर?"

नागनाथनं डबा उघडला, पण जेवला नाही. बोर्ड काही बदलला नाही. फोन वाजायची भीती होतीच, आता तो न उचलायची भीती जास्त झाली.

*

आणि हा परवाचा किस्सा. नागनाथला विचारूनच सांगतोय.

भर दुपार. नागनाथ उंच स्टुलावर बसून तार भरत होता, मान खाली, पाय स्टुलाच्या दांडीवर. मी सहज समोर बघितलं. त्याच्या टेबलाखाली, जुन्या मोटारींच्या मधून, काहीतरी सरकलं. लांब. काळं. थांबलं आणि मान वर केली.

ओरडावं तर हा दचकून पाय खाली ठेवणार! तुळजापूरवाल्याचं नावच आठवेना. मी मोबाइलवर ‘साप’ टाकलं आणि जो पहिला आला त्याला फोन लावला.

समोर रिंग वाजली.

नागनाथनं तारेवरची नजर न काढताच फोन उचलला. दोन वर्षांत आवाज कसा घट्ट झाला होता!

"हां, बोला."

"ज... जनावर," मी कसंबसं कुजबुजलो.

"घाबरू नका. माणसं लांब करा. नजर त्याच्यावरनं हलवू नका. पत्ता सांगा."

मी मान वर केली. समोर मीच छापलेला बोर्ड होता. त्यावरचं वाचून दाखवलं.

"नागनाथ मोटार रिवायंडिंग. बेंबळी रोड, धाराशिव."