सिंहस्थाआधीच्या चिरड्या

कल्याणच्या बाजारात आमचं लुगड्यांचं दुकान होतं. पुढे ओटीवर मामंजी गादी टाकून बसत आणि मागे माजघरात मी. पुरुष पुढून येत, पान खात, भाव करत. पण लुगडं ठरवणाऱ्या बायका मागच्या दाराने येत, आणि त्यांना काय पटलं हे पुढे बसलेल्या पुरुषांना बरंच उशिरा कळे.

दुकान चालवायचं म्हणजे सण येण्याआधी सणाचा माल घरात हवा. संक्रांतीची काळी चंद्रकळा मार्गशीर्षातच आली पाहिजे. संक्रांत झाली की तिला कोणी हात लावत नाही. गौरींना खण, दिवाळीला माहेरी येणाऱ्या लेकींसाठी साधी पण नव्या काठाची लुगडी. खाडीकाठची मिठागरांतली माणसं मीठ विकून झाल्यावर पावसाच्या तोंडाशी येत, त्यांना जाड सुताची लाल लुगडी लागत. आणि लग्नांचं मोठं काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होऊन ज्येष्ठात संपे. मागावरचं लुगडं सांगितल्या दिवशी मिळत नाही. म्हणून वैशाखातल्या नवरीचं लुगडं आम्ही दिवाळीतच सांगून ठेवत असू, ती नवरी अजून ठरलेली नसली तरी.

कोणाची मुलगी लग्नाची झाली, कोणाची पत्रिका कुठे गेली, हे मला मागच्या दारी कळे. मी ते मामंजींना सांगत असे, आणि त्यावरून आमचे हे येवल्याला जाऊन माल सांगून येत. यात माझी हुशारी काही नव्हती. बायका बोलत आणि मी घड्या घालता घालता ऐकत असे.

माझी मुलगी आठ वर्षांची होत आली त्या दिवाळीची ही गोष्ट. पुढच्या भाद्रपदात गुरू सिंह राशीत जाणार होता. तो तिथे वर्षभर राहतो आणि त्या काळात लग्नं होत नाहीत. शास्त्री लोक त्यातूनही वाटा काढून देतात, पण मुलीचा बाप असल्या वाटेने जायला धजत नाही. म्हणजे येता मोसम लग्नांचा, आणि त्यापुढचा सबंध कोरडा.

मामंजींनी आधीचे सिंहस्थ पाहिले होते. त्यांनी मला ओटीच्या दाराशी बोलावून घेतलं आणि म्हणाले, “सूनबाई, सिंहस्थाआधीच्या मोसमात नवऱ्या लहान होतात. मोठी लुगडी कमी सांगू, चिरड्या जास्त.”

चिरडी म्हणजे लहान मुलीचं लुगडं, लांबीला कमी आणि पन्ह्यालाही, म्हणजे रुंदीलाही, कमी. मामंजींचं म्हणणं खरं होतं. जो बाप एरवी आणखी दोन वर्षं थांबला असता, तो सिंहस्थ मधे येतो म्हणून घाई करतो. दहा वर्षांच्या मुली तर उजवल्या जातातच, पण आठ आणि सात वर्षांच्याही जातात. आम्ही त्याप्रमाणे माल सांगितला, आणि तो तसाच खपला.

चिरडीचा पन्हा मुलीच्या उंचीवर ठरतो, पण मुलगी घेऊन दुकानात कोण येणार? बायका हात हवेत धरून सांगत, “आमची एवढी आहे.” त्यावर कापड कसं काढायचं? म्हणून मी आमच्या मुलीलाच माजघरातल्या खांबाशी उभं करू लागले. “हिच्याहून उंच की बुटकी?” असं विचारलं की बाई बरोबर सांगे. मग प्रत्येक पन्ह्याची एकेक चिरडी मी दाखवण्यासाठी वेगळी काढली, आणि तीच तिला परकरावरून गुंडाळून दाखवू लागले. विकायच्या लुगड्याची घडी आम्ही कधी मोडत नसू. नव्या लुगड्याची घडी ज्याची त्याने मोडायची असते. दुसऱ्या कोणाच्या अंगाला लागलेलं लुगडं नवरीला चालत नाही.

मुलीला हा खेळ आवडला. ती खांबाला पाठ लावून उभी राही, पदर नीट घेई, आणि बाईचं बघून झालं की स्वतःच निऱ्या सोडून मांडी घालून बसे आणि काठाला काठ लावून घडी घाली. मामंजींनी तिला ते शिकवलं होतं. घडी वाकडी झाली तर ते पुढून न बघताच म्हणत, “पोरी, काठ पळाला.” कापड झटकल्याच्या आवाजावरून त्यांना कसं कळे देव जाणे.

पौषात ठाण्याहून एक बाई आल्या. त्यांचे यजमान तिथल्या कचेरीत कारकून होते. भाचीच्या लग्नासाठी चिरडी हवी होती. मी नेहमीप्रमाणे मुलीला उभी केली. बाईंनी चिरडी पाहिली, मग मुलीने घातलेली घडी पाहिली, मग मुलीला पाहिलं.

ही कोणाची, असं त्यांनी विचारलं. आमचीच, मी म्हणाले. कुठे बोलणं झालंय का? नाही, मी म्हणाले. गिऱ्हाइकाला झटकन उत्तर द्यायची सवय, दुसरं काय.

पंधरवडा गेला नाही तोच ठाण्याहून माणूस आला. बाईंचा मुलगा इंग्रजी शाळेत शिकत होता. घर चांगलं, खाऊनपिऊन सुखी, मागणं काही नाही. पत्रिकाही जमली. फक्त लग्न सिंहस्थाआधी, वैशाखात व्हावं असं त्यांचं म्हणणं होतं. ह्यांना आनंद झाला. मामंजींनी साखर वाटली. सगळ्या कल्याणच्या मुलींना आम्ही चिरड्या देत होतो, त्यात आपलीही एक, असं ह्यांनी हसत म्हटलं.

मला स्थळ नापसंत नव्हतं. मला वैशाख नापसंत होता. माझी मुलगी अजून अंधारात परसाकडे एकटी जात नसे. पहाटे जाग आली की ती माझ्या दंडाला हात लावी, मी उठे, दिवा घेई आणि तिच्याबरोबर जाई. सासरी ती कोणाच्या दंडाला हात लावणार? हा माझा प्रश्न होता, आणि तो घरात कोणाला विचारण्यासारखा नव्हता. माझंही लग्न आठव्या वर्षी झालं होतं. सगळ्यांच्याच मुली जात होत्या, आणि मीच त्यांना कापड मोजून देत होते.

मग मी मामंजींकडे दुकानाचं निमित्त काढलं. वैशाख-ज्येष्ठात गिऱ्हाइकांची इतकी गर्दी, त्यात घरचं कार्य कसं निभावणार, मागचं दार कोण सांभाळणार, असं बोलले. मामंजी ऐकत होते.

“हे तू दुकानाचं बोलतेस की पोरीचं?”

“दुकानाचं.”

“दुकानाचं असेल तर चार माणसं जास्त बोलावू,” ते म्हणाले आणि पानाचा डबा उघडला.

 खोटं बोलायचं तर पुढचं वाक्य तयार ठेवावं लागतं. ते मी ठेवलं नव्हतं. मामंजी मात्र त्या दिवशी सुपारी कातरता कातरता बराच वेळ खांबाकडे बघत होते, एवढं माझ्या लक्षात आहे.

माघात ठाण्याच्या बाई पुन्हा आल्या. नवरीचं लुगडं वरपक्षाने द्यायचं असतं, ते निवडायला. मी सगळ्या रेशमी चिरड्या मांडल्या. त्यांनी त्या बाजूला सारल्या आणि वरच्या फळीवरचं एक डाळिंबी लुगडं काढायला लावलं. अस्सल येवल्याचं, हिरव्या काठाचं, पुरत्या लांबीचं आणि पुरत्या पन्ह्याचं.

मी म्हटलं, “हे तिला मोठं होईल.”

“असू दे. वाढेल ती.”

“वैशाखापर्यंत नाही वाढायची.”

मी हे कापडाबद्दलच बोलले होते. चुकीचा पन्हा गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा नाही, हा आमच्या दुकानाचा नियम. पण बाई लुगड्यावर हात ठेवून थांबल्या. मुलगी खांबाशी उभी होती, आज कुठली चिरडी गुंडाळायची याची वाट बघत.

मग बाईंनी स्वतःचं सांगितलं. त्यांचं लग्नही सिंहस्थाआधीच्याच घाईत झालं होतं, दोन सिंहस्थांपूर्वी. तेव्हा त्या सात वर्षांच्या. सासऱ्यांनी हौसेने मोठं लुगडं आणलं, ते कमरेशी दुमडून, सुतळीने बांधून त्यांना नेसवलं. वरातीत सुतळी सुटली आणि त्या भर रस्त्यात पायात लुगडं अडकून पडल्या. लोक हसले. त्यांना उचलून घेतलं ते कोणी, तर सासरच्या एका गड्याने. सासरी पहिले काही महिने त्यांना त्या गड्याखेरीज कोणाची ओळखच नव्हती. हे सगळं त्यांनी हसतच सांगितलं. मी हसले नाही, तेव्हा त्याही थांबल्या.

“उंची हिची माझ्याएवढीच आहे,” त्या मुलीकडे बघत म्हणाल्या. “माझ्या त्या वेळच्या.”

 बोलण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ होतं, पण मुलीच्या आईने कुठे थांबावं हे मला ठाऊक होतं.

“मग वाढू दे तिला,” बाई म्हणाल्या. “सिंहस्थ उतरला की नेते.”

शब्द दिला, पण लुगडं बरोबर नेलं नाही. त्यांनी ते आमच्याकडेच ठेवलं. तुम्ही उन्हाला दाखवाल, माझ्या पेटीत नुसतं पडून राहील, असं म्हणाल्या. घरी यजमानांना काय सांगितलं ते त्यांचं त्यांना माहीत. माणसाबरोबर निरोप मात्र आला, की मुलाची शाळेची परीक्षा आहे, तेव्हा कार्य सिंहस्थानंतरच.

हे चिडले. मुलगी दहा वर्षांची होईल, लोक काय म्हणतील, आणि मधल्या काळात त्यांनी दुसरी बघितली तर? मामंजी चिडले नाहीत, पण काळजी त्यांनाही होतीच. “नुसता शब्द, तोही दीड वर्षाचा,” ते मला म्हणाले. “इतके दिवस मी मालसुद्धा न उघडता ठेवत नाही.”  त्या दीड वर्षात मलाही ती काळजी रोज होती. कोणी ठाण्याहून आलं की मी आधी त्याचं तोंड बघत असे.

कोरडा मोसम आला. तुळशीचं लग्न झालं आणि त्यानंतर बाजारात कोणी फिरकेना. मामंजी गादीवर बसून माशा हाकत. लग्नाचा माल आम्ही मुळात थोडाच सांगितला होता. पावसाच्या तोंडाशी खाडीकाठच्या बायका तेवढ्या आल्या. त्यांच्यात लग्नाचे विधी घरातल्या म्हाताऱ्या बायका गाणी म्हणून लावतात. पंचांगाचं त्या फारसं ऐकत नाहीत. त्यांतली एक ठाकुर्लीकडची बाई माझा पडलेला चेहरा बघून म्हणाली, “तुमचा गुरू सिंहान गेलाय गो, आमचा मिठागरानच हाय. लाल लुगरां दाव.” त्या वर्षी दुकान त्यांच्याच लग्नांवर चाललं, हे सांगायला हवं.

शहाडच्या एका जमीनदारीणबाईंना व्याह्यांकडच्या बारशाला नेसायला उंची लुगडं हवं होतं. त्यांची नजर नेमकी त्या डाळिंबीवर गेली. कोरड्या वर्षात असं गिऱ्हाईक परत पाठवायचं नसतं. मी पुढे जाऊन मामंजींना विचारलं. आलेल्या गिऱ्हाइकाला आयुष्यात कधी नाही न म्हटलेला माणूस, पण मान न वळवता म्हणाला, “ते विकलेलं आहे.” आणि दुसऱ्या दिवशी उन्हं आल्यावर त्यांनी स्वतः ते खाली काढलं, घडी न मोडता उलटंपालटं केलं, वेखंडाची पुरचुंडी बदलली आणि पुन्हा वर ठेवलं.

मुलगी वाढत होती. दाखवायच्या चिरड्या एकेक करून तिला आखूड होत गेल्या, आणि गिऱ्हाईक नसल्यामुळे त्या कोणी मागतही नव्हतं. भाकरी थापायला शिकली, पण कड अजून जाड राही. एका पहाटे मी जागी झाले तर ती बाहेरून येत होती. दिवा तिच्या हातात होता. मला न उठवता जाऊन आली होती. मी डोळे मिटून घेतले. ती दिवा मालवून शेजारी आडवी झाली आणि लगेच झोपली. मला मात्र पुन्हा झोप आली नाही.

सिंहस्थ उतरला. ठाण्याहून निरोप येतो की नाही, याची आम्ही कोणी घरात चर्चा करत नव्हतो. सगळे नुसते दाराकडे बघत होतो. तुळशीचं लग्न झाल्यावर बाई स्वतःच आल्या, मागच्या दाराने. “लुगडं आहे ना?” एवढंच विचारलं. मामंजींनी ओटीवरून उत्तर दिलं, “आहे, आणि कसर लागलेली नाही.”

मार्गशीर्षात लग्न आमच्याच दारात झालं. अक्षता पडल्यावर सासरचं लुगडं नेसवायला मुलीला माजघरात आणली. बाईंनी स्वतः घडी मोडली आणि मी निऱ्या घातल्या. कमरेशी थोडं खोचलं, पण सुतळी लागली नाही. काठ घोट्यापाशी जसा यावा तसा आला. मुलगी सवयीने खांबाला पाठ लावून उभी राहिली होती. सगळ्या बायकांनी तिला डोळे भरून पाहिलं, कोणी कानशिलावर बोटं मोडली.

सगळ्यांचं बघून झालं असं तिला वाटलं असावं. तिने खाली बघितलं, निऱ्यांना हात घातला आणि त्या सोडू लागली. घडी घालायला.

मी तिचा हात धरला. “राहू दे,” म्हणाले. “हे परत फळीवर जायचं नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग तिला कळलं. बाईंनी पुढे होऊन सुटलेली एक निरी पुन्हा खोचली, आणि मी बाजूला सरले, कारण पुढचं नीटनेटकं करणं आता त्यांचं होतं.

वरात गेल्यावर मी माजघर झाडलं. दाखवायच्या चिरड्या कोपऱ्यात होत्या, त्यांच्या मोडलेल्या घड्या पुन्हा घातल्या. मोसम नुकता सुरू झाला होता. मोठी लुगडी जास्त सांगायला हवी होती, कारण सिंहस्थानंतरच्या नवऱ्या उंच असतात. मी पहिलीच घडी घातली, तर ओटीवरून मामंजी म्हणाले, “सूनबाई, काठ पळाला.”

मी उलगडून पुन्हा घातली.